‘चिमूटभर प्रसादाने काय होतंय?’ ग्लुटेनमुक्त आहार मोडला की मन कसं सांभाळायचं

श्रावणातली संध्याकाळ. रत्नागिरीजवळच्या एखाद्या वाडीत सत्यनारायणाची पूजा आटोपली आहे, आरती झाली आहे आणि शिरा वाटला जातोय. समजा, तिथे बसलेल्या कॉलेजातल्या एका मुलीला सहा महिन्यांपूर्वी सिलियाक आजाराचं निदान झालं आहे. शिऱ्यात रवा आणि रवा म्हणजे गहू. ती हात मागे घेते. वाटणारी काकू म्हणते, “अगं, प्रसादाला नाही म्हणू नये. चिमूटभर घे.” ती घेते. रात्री पोट फुगतं, मळमळतं. पण पोटापेक्षा जास्त छळतो तो डोक्यातला विचार: सहा महिने पाळलेलं सगळं वाया गेलं.

ग्लुटेनमुक्त आहारावर काय खावं आणि काय टाळावं याच्या याद्या इंटरनेटवर ढीगभर सापडतात. पाळता पाळता तो मोडला, चुकून किंवा जाणूनबुजून, तर पुढे काय, याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. हा आहार आयुष्यभराचा असतो, त्यामुळे तो कधी ना कधी मोडणार हे जवळजवळ ठरलेलंच असतं.

आधी आजार समजून घेऊ

गहू, जव (बार्ली) आणि राय या धान्यांतल्या काही प्रथिनांना मिळून ग्लुटेन म्हणतात. कणकेला जो चिवटपणा येतो तो त्याच्यामुळेच. सिलियाक असलेल्या माणसाच्या शरीरात ग्लुटेन गेलं की त्याचीच रोगप्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. अन्नरस शोषणारे बारीक उंचवटे झिजतात. मग जुलाब, पोटफुगी, वजन घटणं, रक्ताची कमतरता, मुलांची उंची न वाढणं अशा तक्रारी सुरू होतात. काहींना तर वरवर काहीच जाणवत नाही. या आजारावर आजतरी एकच मान्य उपचार आहे: ग्लुटेन पूर्ण बंद.

गव्हाची ॲलर्जी ही वेगळी गोष्ट आहे. सिलियाक नसतानाही गहू न सोसणं हीसुद्धा वेगळी. तपासणी करायच्या आधीच गहू बंद केला तर रक्ताची टीटीजी चाचणी आणि आतड्याची बायोप्सी दिशाभूल करू शकतात. त्यामुळे शंका असेल तर आधी डॉक्टर आणि चाचणी, मग आहार.

या आजाराचा इतिहासही घसरणीशी जोडलेला आहे. १९२४ मध्ये अमेरिकेतल्या सिडनी हास या डॉक्टरांनी अशा मुलांना केळ्यांचा आहार दिला. मुलं सुधारली. पुढची कित्येक वर्षं केळ्यातच काहीतरी जादू आहे असं मानलं गेलं. मुलं बरी होत होती ती केळी खाल्ल्यामुळे नव्हे, तर पाव न खाल्ल्यामुळे, हे उलगडलं नेदरलँड्समध्ये. तिथले बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके १९३०च्या दशकापासून गव्हावर संशय घेत होते. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन ताब्यातल्या त्या देशात दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला आणि ही आजारी मुलं चक्क सुधारू लागली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी १९५० मध्ये यावर प्रबंध लिहिला. मुलांची ती पुन्हा झालेली घसरण डॉक्टरांसाठी पुरावा ठरली. हा मुद्दा पुढे कामाला येईल.

तांदळाच्या मुलुखात गव्हाची अडचण

वरवर पाहता या आहारासाठी रत्नागिरीसारखा जिल्हा नाही. भात, तांदळाची भाकरी, नाचणीची भाकरी, घावन, आंबोळी, उकडीचे मोदक, पातोळ्या, सांदणं, खापरोळी, रस-शिरवाळे, कुळथाचं पिठलं, सोलकढी, माशाचं कालवण. यातल्या एकालाही मुळात गहू लागत नाही. दिल्ली-हरियाणातल्या रुग्णाला तिन्ही वेळची पोळी सोडावी लागते, तसं इथे नाही.

तरीही इथला रुग्ण एकटा पडतो, आणि त्याचं कारणही तांदूळच आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशाच्या तीन भागांतल्या तेवीस हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीत सिलियाकचं प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत फक्त ०.१० टक्के आढळलं. गहू जास्त खाल्ला जातो तिथे हा आजार जास्त दिसतो. उत्तरेत कुणाच्या तरी चुलतभावाला तो असतो. भात खाणाऱ्या पट्ट्यात मात्र आजाराचं नाव सांगितलं की पहिला प्रश्न येतो, “हे काय नवीन?” दुसरा येतो, “डाएट करतेयस का?”

शिवाय गहू दिसत नाही तिथेच जास्त असतो. सगळ्यात मोठी फसवणूक गिरणीत होते. ज्या जात्यावर आधी कुणाचे गहू दळले, त्यावर लगेच तांदूळ टाकले तर पहिल्या पिठात गहू येणारच. ‘तांदळावर तांदूळ दळा’ असं सांगण्याची पद्धत घरोघरी आहे, पण ती चवीसाठी आहे. सिलियाकच्या रुग्णाला तेवढ्याने खात्री मिळत नाही. त्याच्यासाठी घरघंटी किंवा वेगळं दळण हाच मार्ग उरतो. दुसरी फसवणूक हिंगाची. बाजारातला खडा किंवा पूड हिंग शुद्ध नसतो. त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. म्हणजे वरणभातसुद्धा फोडणीतून दगा देऊ शकतो. मेतकुटात थोडे गहू भाजून घालायची रीत आहे, थालीपिठाच्या भाजणीतही. सुरमई किंवा बोंबील रवा लावून तळलेले असतात. खानावळीत तांदळाचं पीठ लावलेला मासा मागितला तरी तवा तोच. बटाटेवडा बेसनाचा, पण तो ज्या कढईत तळला त्यातच आधी मैद्याचे समोसे उतरलेले. मिसळीवरचं फरसाण, चायनीजच्या गाडीवरचा सोया सॉस, दुधात घालायची माल्टची पावडर, ईदचा शीरखुर्मा. यादी लांबत जाते.

इतक्या फटी असताना एखादी चूक होणं हे माणसाच्या निष्काळजीपणाचं लक्षण मानता येत नाही. रुग्ण स्वतःला दोष द्यायला बसतो तेव्हा हे त्याच्या लक्षात राहत नाही.

सगळ्या घसरणी एकसारख्या नसतात

चुकून पोटात गेलेलं ग्लुटेन ही पहिली तऱ्हा. इथे भावना असते ती फसवणूक झाल्याची आणि भीतीची. ‘आता कुठेच काही खायला नको’ असं वाटू लागतं.

दुसरी तऱ्हा जाणूनबुजून खाण्याची. मित्रांबरोबर वडापाव, शिमग्याची पुरणपोळी, लग्नात सगळे आग्रह करतात म्हणून घेतलेली पुरी. इथे लाज असते. माणूस ते लपवतो, घरी सांगत नाही, डॉक्टरांनाही नाही.

तिसरी तऱ्हा सगळ्यात चमत्कारिक. माणसाने सगळं काटेकोर पाळलेलं असतं आणि तरीही रक्ताचा रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ येतो, किंवा मुलाचं वजन वाढत नाही. इथे राग येतो, आणि पाठोपाठ निराशा: मग पाळायचं तरी कशाला?

या तिन्ही वेळी उपाय वेगळा असतो. पण घरचे आणि बऱ्याचदा रुग्ण स्वतःही तिन्हींना एकच नाव देतात: ‘पथ्य मोडलं’. पथ्य या शब्दाबरोबर आपल्याकडे एक नैतिक वजन येतं. पथ्य पाळणारा शहाणा, मोडणारा जिभेचा गुलाम. मधुमेहाच्या रुग्णांनाही हे सोसावं लागतं. सिलियाकमध्ये ते जास्त बोचतं, कारण निदान अनेकदा लहान वयात झालेलं असतं आणि मूल अख्खं बालपण ‘काय खाल्लंस?’ या उलटतपासणीत काढतं.

‘आता मोडलंच आहे तर...’

एक घास चुकला की उरलेला दिवस, कधी उरलेला आठवडाच सोडून देणं ही ओळखीची गोष्ट आहे. दारू सोडणाऱ्यांचा अभ्यास करताना मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी १९८०च्या दशकात हे नीट मांडलं. पहिला घोट घेतला म्हणून माणूस पुन्हा व्यसनात बुडतो असं नाही. त्या घोटाचा तो जो अर्थ लावतो, ‘माझ्यात दमच नाही’, त्यामुळे तो बुडतो. वजन कमी करणाऱ्यांमध्येही संशोधकांना हेच दिसलं.

सिलियाकमध्ये हा विचार जास्त महाग पडतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने घेतलेल्या रुग्णांच्या आतड्याला इजा झालेली दिसली. पावाच्या एका स्लाइसमध्ये साधारण दोन ग्रॅम ग्लुटेन असतं, म्हणजे ५० मिलिग्रॅम हा तिचा अगदी छोटा कपटा झाला. त्यामुळे ‘चिमूटभराने काय होतंय’ हे काकूंचं म्हणणं चूक आहे. आणि ‘चिमूटभर गेलंच आहे तर आता पोळीही खाते’ हे रुग्णाचं म्हणणं त्याहून चूक. एका चुकीनंतर लगेच थांबणं आणि आठवडाभर खात राहणं यात आतड्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे.

विचाराची गाठ सोडवणं

मराठी वाचकांना अल्बर्ट एलिस हे नाव नवीन नाही. या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती सुरू केली, ती कि. मो. फडके यांनी भारतात आणली, मराठीत समजावून सांगितली, आणि एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला. ‘आरईबीटी’ या नावाने ती महाराष्ट्रातल्या समुपदेशकांमध्ये चांगली रुजली आहे.

तिचं सूत्र सरळ आहे. घटना आणि भावना यांच्यामध्ये माणसाचा दृष्टिकोन उभा असतो. प्रसादाचा शिरा खाल्ला ही घटना. त्यानंतर रात्रभर स्वतःला कोसणं हा परिणाम. पण शिऱ्याने कोसायला लावलेलं नाही. मधे एक हट्ट आहे: ‘मी कधीच चुकता कामा नये. चुकले तर मी नालायक.’ एलिस यांच्या मते माणसाचा बराचसा छळ अशा ‘च’च्या हट्टांतून येतो. मी पाळलंच पाहिजे, लोकांनी समजून घेतलंच पाहिजे, माझं शरीर बरं झालंच पाहिजे.

हट्टाच्या जागी इच्छा ठेवायची. ‘मला चुकायचं नव्हतं. चुकले. त्याचा त्रास होतोय आणि व्हायलाही हवा, कारण ही बाब क्षुल्लक नाही. पण मी एका वेळी चुकले, म्हणजे मी वाया गेले असं नाही.’ ‘जाऊ दे, काही होत नाही’ अशी स्वतःची समजूत काढणं हे या पद्धतीत बसत नाही, कारण ते खरंच नाही. एलिस पश्चात्ताप आणि अपराधगंड यांत फरक करतात. पश्चात्ताप झालेला माणूस पुढच्या वेळी घरून डबा नेतो. अपराधगंडाने पछाडलेला माणूस पुढच्या वेळी पूजेलाच जात नाही.

हा फरक कागदावर सोपा दिसतो, रात्री दोन वाजता पोटात कळ येत असताना नाही. म्हणून हे वाक्य बरं असतानाच स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवावं. मोबाइलमध्ये ठेवलं तरी चालेल.

चूक झाली त्या दिवशी

शरीराकडे आधी बघावं. पाणी, लिंबू सरबत किंवा ओआरएस, मऊ भात, विश्रांती. उलट्या-जुलाब थांबत नसतील, लघवी कमी झाली असेल, चक्कर येत असेल किंवा मूल सुस्त पडलं असेल तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये. शरीरातलं ग्लुटेन ‘धुऊन काढणारी’ गोळी, काढा किंवा उपास असं काही नसतं. ग्लुटेन पचवण्याचा दावा करणाऱ्या गोळ्या विकल्या जातात, पण त्यांच्या भरवशावर सिलियाकच्या रुग्णाने गहू खाऊ नये.

पुढच्या जेवणापासून आहार पुन्हा सुरू करायचा. सोमवारपासून नाही, पुढच्या महिन्यापासून नाही.

मग दोन-तीन दिवसांनी, डोकं थंड झाल्यावर, वहीत चार ओळी लिहायच्या: काय खाल्लं, कुठे, कुणाबरोबर, त्या क्षणी मनात काय होतं. डिके यांच्या वॉर्डातल्या मुलांसारखी ही घसरणही काहीतरी सांगत असते. पाच-सहा नोंदी झाल्या की नमुना दिसू लागतो. एखाद्याच्या लक्षात येतं की चूक दर वेळी प्रवासात, भूक लागल्यावर होते. मग बॅगेत शेंगदाण्याचा लाडू आणि केळी ठेवणं हा उपाय झाला, त्याला मनोनिग्रह लागत नाही. दुसऱ्याला कळतं की एका ठरावीक मावशीकडेच होते. तिथे उपाय वेगळा.

ज्यांना ग्लुटेन खाऊनही काहीच त्रास जाणवत नाही, त्यांची गोष्ट आणखी अवघड असते. शरीर शिक्षा देत नाही, त्यामुळे चूक झाली हेच मनाला पटत नाही. अशांनी शरीराच्या कौलावर न जाता ठरलेल्या वेळी रक्त तपासत राहावं.

रिपोर्ट वाचताना

टीटीजीचा आकडा हळूहळू उतरतो. पूर्ण नॉर्मल व्हायला अनेकांना वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. प्रौढांमध्ये आतडं भरून यायला दोन वर्षंही लागू शकतात. समजा सुरुवातीला आकडा २०० होता आणि सहा महिन्यांनी ६० आला. कागदावर दोन्ही वेळा ‘पॉझिटिव्ह’च छापून येईल, पण ही उतरण आहे, हे यश आहे. तुलना मात्र एकाच लॅबच्या आकड्यांची करावी. वेगवेगळ्या लॅबची किट आणि मोजमापं वेगळी असतात. एकदा रत्नागिरीत आणि एकदा मुंबईत तपासलेले आकडे शेजारी ठेवून घाबरण्यात अर्थ नाही.

आकडा खरंच उतरत नसेल तर नकळत पोटात जाणारं ग्लुटेन हे त्याचं सर्वांत नेहमीचं कारण असतं. अशा वेळी आहारतज्ज्ञाबरोबर बसून स्वयंपाकघर तपासावं: गिरणी, हिंग, मसाले, पोळपाट-लाटणं, तळणीचं तेल. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर भारतीय नियमांनुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, त्यामुळे ते शब्द शोधावेत. ‘गहू नाही’ एवढंच लिहिलेलं पुरेसं नसतं. आणि जाणूनबुजून खाल्लेलं असेल तर ते डॉक्टरांना सांगावंच. नाहीतर ते नसलेलं कारण शोधत आणखी तपासण्या लिहून देतील.

नाही म्हणायचं कसं

आता पुन्हा त्या शिऱ्याकडे. सत्यनारायणाच्या कथेत प्रसाद टाळण्याचे दोन प्रसंग आहेत. कलावती प्रसाद न घेताच नवऱ्याला भेटायला धावते आणि त्याची नौका दिसेनाशी होते. तुंगध्वज राजा गवळ्यांनी दिलेला प्रसाद गर्वाने नाकारतो आणि सगळं गमावतो. लहानपणापासून दर वर्षी हे ऐकलेल्या माणसाला द्रोण परत करताना हात जड होणारच. श्रद्धा नसली तरी होतो, कारण घरातली सगळी त्याच्याकडे बघत असतात.

याच कथेच्या पहिल्या अध्यायात नैवेद्याचं साहित्य सांगितलंय, आणि तिथे गव्हाचं पीठ नसेल तर तांदळाचं पीठ घ्यावं अशी स्पष्ट सोय आहे. साखर नसेल तर गूळही चालतो. म्हणजे तांदळाच्या रव्याचा शिरा हा काही आधुनिक तडजोडीचा पदार्थ नाही, तो पोथीतच बसतो. घरच्या पूजेला सगळ्यांसाठीच तसा केला तर एका माणसाचा वेगळा द्रोण ठेवावा लागत नाही. दुसऱ्याकडच्या पूजेला प्रसाद हातात घेऊन डोळ्यांना लावावा आणि घरच्या दुसऱ्या कुणाला द्यावा. केळं किंवा खडीसाखर मागून घेतली तर वाटणाऱ्यालाही बरं वाटतं. आणि कलावती काय किंवा तुंगध्वज काय, दोघांपैकी एकाचंही कारण आजार नव्हतं.

हा पेच एकट्या हिंदूंचा नाही. कॅथलिक चर्चमध्ये मिस्साच्या वेळी दिली जाणारी ओस्ती गव्हाचीच असावी लागते. २०१७ मध्ये व्हॅटिकनने बिशपांना पाठवलेल्या पत्रात पुन्हा सांगितलं की ग्लुटेन पूर्ण काढलेली ओस्ती चालणार नाही, कमी ग्लुटेनची चालेल.

आग्रहापुढे लांबलचक वैद्यकीय भाषण उपयोगाचं नसतं. “काकू, मला गव्हाने आतड्याला जखम होते, डॉक्टरांनी कणभरही नको म्हटलंय. तुमची सोलकढी मात्र दोन वाट्या घेणार.” नकार आणि मागणी एकाच दमात. आग्रह करणाऱ्या बाईला बहुतेकदा आपल्या हातचं कुणीतरी खावं एवढंच हवं असतं. ‘ॲलर्जी आहे’ असं म्हणणं शास्त्राच्या दृष्टीने अचूक नाही, पण लग्नाच्या पंगतीत शंभर माणसांसमोर कुणी ते म्हटलं तर त्याला कोण दोष देणार?

खरी अडचण घरात असते. आजीला वाटतं, नातवाला उपाशी ठेवतायत. आईला वाटतं, आपणच काहीतरी कमी पडलो. अशा आईला सांगायला हवं की हा आजार आनुवंशिक कल आणि ग्लुटेन यांच्या गाठीतून होतो, तिच्या स्वयंपाकातून नाही. नव्या सुनेची स्थिती सगळ्यात नाजूक. लग्न जमवताना आजार लपवला, तर सासरी दर जेवणाला ती खोटं बोलते किंवा आजारी पडते. आधी सांगून एखादं स्थळ हातचं गेलं तर वाईट वाटेल, पण लपवून केलेल्या लग्नात रोज चोरून पाळावं लागणारं पथ्य फार काळ टिकत नाही. शिवाय घरात सगळ्यांत शेवटी जेवणारी आणि उरलेलं संपवणारी बाई बहुधा तीच असते. उरलेली पोळी टाकवत नाही म्हणून खाल्ली जाते.

चपातीचं दुःख

निदानानंतर अनेक घरं ऑनलाइन ग्लुटेनमुक्त आटा मागवतात. तो महाग असतो. त्याची पोळी लाटताना तुटते, तव्यावर कडक होते आणि ताटात गार झाली की पुठ्ठ्यासारखी लागते. मूल ती बाजूला सारतं, आई रडकुंडीला येते. ही घसरण कुठल्याच वहीत नोंदली जात नाही, पण मनाला ती रोज लागते.

कोकणात यामागे एक जुनं शल्यही आहे. इथे दोन पिढ्यांपूर्वी गहू हे सणाचं आणि पाहुण्यांचं धान्य होतं. रोजचं म्हणजे भात नाहीतर नाचणीची भाकरी. चपाती घरात आली ती थोडी बरी परिस्थिती घेऊन, आणि डब्यात चपाती असणं म्हणजे सुधारल्याची खूण झाली. त्यामुळे मुलाच्या डब्यात पुन्हा भाकरी भरताना आजीला आपण मागे गेलो असं वाटू शकतं. हे कुणी मोठ्याने म्हणत नाही.

चपाती गेली याचं दुःख करावं, त्याची घाई करू नये. पण तिची नक्कल करत बसण्यापेक्षा जे पदार्थ कधी गव्हाचे नव्हतेच त्यांच्याकडे वळलेलं बरं. गरम तांदळाची भाकरी ही कशाचीही नक्कल नाही. मऊ घावन आणि नारळाची चटणी डब्यात दुपारपर्यंत चांगली राहते. गौरीच्या नैवेद्याला अनेक कोकणी घरांत घावन-घाटलं असतं, गणपतीला उकडीचे मोदक. दळण घरचं असेल तर या दिवशी मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या ताटात आणि रुग्णाच्या ताटात एकच पदार्थ पडतो. शिमग्याला पुरणपोळी असतेच, पण पुरणात गहू नसतो. वाटीभर पुरण, वर दूध आणि तूप, हे गोड म्हणून पुरेसं आहे.

मन सावरत नसेल तर

सिलियाकच्या रुग्णांमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त आढळतात. त्याला सगळं मनच जबाबदार नसतं. लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व कमी पडलं किंवा थायरॉइडचा आजार जोडीला असला, आणि सिलियाकबरोबर तो असू शकतो, तरी थकवा आणि उदासी येते. म्हणून आधी रक्त तपासून घ्यावं.

दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटणं, झोप उडणं, कशातच रस नसणं, बाहेरचं काहीही खायची इतकी भीती की मित्र आणि नातेवाईकच तुटले, वजन घटत असतानाही पदार्थ कमी करत जाणं, किंवा जगणं नको वाटणं. यांपैकी काही असेल तर मदत घ्यावी. टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक, फोन चोवीस तास चालू, सेवा मोफत आणि मराठीतही. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरी शहरातच आहे. त्या इमारतीच्या नावाभोवती अजून संकोच आहे, पण बाह्यरुग्ण विभागात दाखवून घरी परत येणं म्हणजे दाखल होणं नव्हे. इतर रुग्णांशी बोलायचं असेल तर सिलियाक सोसायटी ऑफ इंडियासारख्या संस्था आहेत. दरवर्षी १६ मे हा आंतरराष्ट्रीय सिलियाक दिन म्हणून पाळला जातो, त्या सुमारास ऑनलाइन कार्यक्रमही बरेच होतात.

एकादशीचा दिवस

आषाढी एकादशीला घरोघर साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू, रताळ्याचा कीस असतो. गहू नाही, हिंगाची फोडणीही नाही. सिलियाकचं मूल त्या दिवशी घरातल्या इतरांसारखंच जेवतं आणि कुणी त्याला ‘तुला चालतं ना?’ असं विचारत नाही. फक्त उपासाची भाजणी किंवा वरीचं पीठ गिरणीतून आणलेलं असेल, तर ते कशावर दळलंय हे आईने आदल्या दिवशीच विचारून ठेवायचं.